हार कुणाला, पाणी कुणाला?

॥ जय सद्गुरू ॥



या महिन्याचं चिंतन लिहायची पाळी आमच्याकडे आली. नामस्मरणावर लिहू, सेवेवर लिहू, असं आधी ठरत होतं. पण गेली दोन वर्षं आमच्या मनात एक गोष्ट बोचते आहे. ती बाजूला ठेवून सेवेवर गोड गोड लिहिणं बरं वाटेना. म्हणून जे घडलं ते तसंच सांगतो. यात आमचीच चूक आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जणी पारायणासाठी तिलारी घाटाखाली, दोडामार्गच्या बाजूला, आपल्या परिवारातल्या एका घरी गेलो होतो. उचगावाहून शिनोळी ओलांडली, चंदगडची वाट धरली आणि घाट उतरलं की हवाच बदलते. सगळीकडे काजूच्या बागा, माड, पोफळी आणि पलीकडे दाट रान. पारायणाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या फणसाखाली एक वानर मरून पडलेलं दिसलं. अंगावर जखम नाही, काही नाही. झोपल्यासारखं पडलं होतं.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मारुतीरायाचं रूप ते! असं उघड्यावर कसं टाकायचं? आम्ही पुढं झालो. हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नव्या पंचात गुंडाळलं. पोरांनी उचललं, आम्ही टाळ घेऊन मागून चाललो. बागेत बेळगावकडची काही माणसं कामाला होती. त्यातली एक अक्का कुदळ घेऊन आली आणि तिनं खड्डा खणला. मूठमाती दिली, जयजयकार केला. फोटो काढून गटावर टाकले. किती जणांनी हात जोडले होते, तुम्हाला आठवत असेल. कुणाला काही झालं नाही, म्हणून आम्ही कृतार्थ होऊन घरी आलो.

दोन वर्षांनी महाशिवरात्रीनंतर तीच अक्का नेहमीप्रमाणे काजूच्या बिया गोळा करायला घाटाखाली गेली आणि ताप घेऊन परत आली. डोकं फुटेल असं दुखत होतं, अंग मोडून आलेलं, उलट्या होत होत्या. पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं "कुठं गेला होता, काय काम करता" हे कुणी विचारलंच नाही. साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला पुढं गेलं, आणि माकडताप असल्याचं कळलं. देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेनं ती वाचली. पण घरी आली तेव्हा गल्लीत बातमी आधीच पोचली होती. "तिच्याकडे जाऊ नका, माकडाचा रोग आहे, लागतो." कुणी नळावर तिची घागर बाजूला केली. तिच्या पोराला शेजारच्या अंगणात खेळू दिलं नाही. आणि आम्ही? आपल्या बैठकीत तिच्यासाठी प्रार्थना केली. तिच्या घरी मात्र गेलो नाही. मनात भीती होती.

महिना-दीड महिन्यानं आम्ही भीत भीत गेलो. ती उठून बसली होती, पण हात थरथरत होते. आम्ही विचारलं, कशी आहेस? ती हसली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मेलेल्या माकडाला तुमी हार घातलासा बाई. माज्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन कुणी आलं न्हाई."

त्या दिवशी आम्ही चहा घेतला आणि परत आलो. वाटेत कुणी कुणाशी बोललं नाही.

माउलींनो, या वाक्याचा आम्ही खूप विचार केला. सुरुवातीला वाटलं, आपण घाबरलो, एवढीच चूक. पण नंतर या आजाराची माहिती मिळवली, आरोग्य केंद्रातल्या ताईंना विचारलं, वाचलं, आणि कळलं की चूक दुहेरी होती. जिथं लांब राहायला हवं होतं तिथं आम्ही जवळ गेलो. आणि जिथं जवळ जायला हवं होतं तिथून लांब राहिलो. दोन्ही वेळेला आमचं मन चांगलं होतं असं आम्हाला वाटत होतं. मग प्रश्न असा पडतो, की मन चांगलं असलं म्हणजे सेवा झाली का?

याचं उत्तर शोधायचं तर आधी हा ताप काय आहे ते समजून घ्यावं लागतं. म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कंटाळू नका.

१९५७ साली आपल्याच राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरत होती आणि आसपासच्या गावांत तापाची साथ होती. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वर नावाचा आजार आहे, त्यातही माकडं मरतात. तो तर भारतात आला नाही ना, अशी मोठी धास्ती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले, शास्त्रज्ञ तिथं गेले. तपास केल्यावर कळलं, की हा पीतज्वर नव्हे, हा नवाच विषाणू आहे. म्हणून त्याचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज पडलं. डेंग्यूचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. पण हा डासातून येत नाही, गोचिडीतून येतो.

बरीच वर्षं हा ताप शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांत होता. मग सह्याद्रीच्या रानारानानं तो दुसरीकडेही दिसू लागला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात साथ आली. २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आली, पुढच्या वर्षी बांद्याच्या आसपास आली. आणि गोव्यातल्या काजूच्या बागांत कामाला गेलेले आपल्या बेळगाव जिल्ह्यातले मजूरही त्या काळात आजारी पडले. उचगावात आम्ही हा ताप पूर्वी कधी ऐकला नव्हता, म्हणून तो आपला नाही असं वाटत होतं. पण आपली माणसं जिथं पोटासाठी जातात, तिथलं दुखणं आपलंच असतं.

आता तो लागतो कसा? रानात पालापाचोळ्यात गोचिडी असतात. त्यांची लहान पिल्लं तिळाएवढी असतात, अंगावर चढली तरी कळत नाहीत. विषाणू असलेली अशी गोचीड चावली की तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी वाजून ताप येतो. ही पिल्लं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत जास्त असतात. म्हणजे नेमका काजूचा, सरपणाचा आणि पातेरा गोळा करण्याचा हंगाम. वानरांना आणि लाल तोंडाच्या माकडांनाही हीच गोचीड चावते, तीही तापानं फणफणतात आणि पुष्कळ मरतात. माकड मेलं, त्याचं अंग गार पडलं, की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि त्याच जागी आजूबाजूला पसरतात. म्हणजे मेलेलं माकड जिथं पडलं, ती जागा सगळ्यात धोक्याची. आणि आम्ही नेमकं तिथंच अनवाणी उभं राहून आरती म्हणत होतो!

आमचंच अज्ञान होतं असंही नाही. २०१२ मध्ये बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात माकडं मेली, तेव्हा ती उचलून जाळण्याचं काम ज्यांनी केलं, त्यातल्या लोकांनाच हा ताप आला होता. रानात जन्म काढलेली माणसं ती. मग आमच्यासारख्या घरातल्या बायकांची काय कथा?

आणि दुसरी गोष्ट, जी आम्हाला आधी कळायला हवी होती. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही. खोकल्यातून नाही, शिवून नाही, एका ताटात जेवून नाही. आजारी माणसाची घागर बाजूला करण्यात काही अर्थ नाही. त्याच्या उशाशी बसा, पाय चेपा, पेज भरवा, कपाळावर पट्ट्या ठेवा, काही होत नाही. कोरोनाच्या दिवसांत आपण लांब राहायला शिकलो. तेव्हा ते बरोबर होतं, तोच धर्म होता. पण तीच सवय इथं आणली आणि एका आजारी बाईला एकटं पाडलं. प्रत्येक आजाराचा धर्म वेगळा असतो. कुठं लांब राहण्यात माया असते, कुठं जवळ जाण्यात. ते आजार समजून घेतल्याशिवाय कळत नाही.

आता काही माउली म्हणतील, आणि आमच्या बैठकीत एका काकूंनी तसं विचारलंही, "सद्गुरूंवर पूर्ण श्रद्धा असेल तर गोचीड काय करणार? तुम्ही हार घातलात, तुम्हाला काही झालं नाही ना? मग?" काकूंचा मान राखून आम्हाला सांगावंसं वाटतं, की हाच विचार आम्हीही केला होता आणि तोच जास्त घातक होता. आम्हाला काही झालं नाही, कारण एकतर त्या वानराला हा आजार नसेल, किंवा आमच्यापैकी कुणाला गोचीड चावली नसेल. त्याला आम्ही आमच्या भक्तीचं फळ समजलो. तसं असेल तर अक्काला ताप आला तो तिची भक्ती कमी पडली म्हणून का? पहाटे चारला उठून, भाकऱ्या बांधून, तोंडात नाम घेत ती टेम्पोत बसते. आपल्याला झालं नाही ही कृपा आणि तिला झालं हा तिचा दोष, असं म्हणायला जीभ धजत नाही. जी श्रद्धा आपलं कौतुक करते आणि आजारी माणसाकडे बोट दाखवते, ती श्रद्धा नव्हे, तो अहंकार आहे. सद्गुरूंनी आपल्याला डोळे मिटून नाम घ्यायला शिकवलं, तसंच डोळे उघडून वागायलाही शिकवलं आहे.

दुसरे म्हणतील, मग मारुतीरायाचं रूप तसंच टाकून द्यायचं का? हा प्रश्न खरा आहे. आमच्याही जिवाला लागतो. यावर विचार करताना आम्हाला एकनाथ महाराजांची कथा आठवली. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न्यायची होती आणि वाटेत वाळवंटात गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी गंगा त्याच्या तोंडात ओतली. ही गोष्ट आपण शंभर वेळा ऐकली, पण एक बारकावा आमच्या कधी लक्षात आला नव्हता. नाथांनी गाढवाला हार घातला नाही, हळद-कुंकू वाहिलं नाही. त्याला काय हवंय ते पाहिलं. पाणी हवं होतं, पाणी दिलं. सेवेत आधी पाहणं असतं, मग देणं.

मग मेलेल्या वानराला आपल्याकडून काय हवं असेल? आमच्या अल्पमतीला असं वाटतं, की त्याचं मरण वाया जाऊ नये, एवढंच. पुष्कळदा माणसाला ताप यायच्या आधी रानात माकडं मरतात. म्हणजे ते वानर मरताना गावाला सांगून जातं, सावध व्हा. रामायणात मारुतीराया कोण होते? निरोप पोचवणारे दूत. दूत आला, तर त्याला हार घालून निरोप न ऐकता परत पाठवायचा का? निरोप ऐकायचा आणि ज्याला सांगायचा त्याला सांगायचा. लांबूनच हात जोडा, मनात रामनाम घ्या, आणि आरोग्य केंद्राला, आशाताईंना, वनखात्याला नाहीतर ग्रामपंचायतीला फोन करा. ते लोक अंगभर कपडे घालून, हातमोजे घालून येतात, तपासणीसाठी नमुने घेतात, सभोवती पन्नास-साठ फुटांत औषधाची पावडर मारतात, मग प्रेताची व्यवस्था लावतात. त्या फोनमुळे पुढच्या आठवड्यात त्या बागेत जाणारी दहा माणसं वाचू शकतात. आता सांगा, मारुतीरायाला कुठली पूजा जास्त आवडेल?

याच्या उलट टोकाला जाऊन कुणी माकडांना हुसकावू नका, मारू नका. ती रोग पसरवायला आलेली नाहीत. ती आपल्यासारखीच आजारी पडतात आणि त्यांना दवाखाना नाही. रान तुटलं, रानात बागा झाल्या, गुरं-माणसं आत शिरली, म्हणून ती, आपण आणि गोचिडी एका जागी आलो. त्यात त्यांचा काय अपराध?

अजून एक गोष्ट बोलली नाही तर हे लिखाण अपुरं राहील. गुरुपौर्णिमेला आपण महाप्रसादाचा शिरा करतो, त्यात काजू घालतो. तो काजू आपण दुकानातून आणतो आणि चांगला आहे का, किडका नाही ना, एवढंच बघतो. पण तो झाडाखालच्या पाचोळ्यातून कुणीतरी वाकून वेचलेला असतो. ते वाकणारे हात बहुतेक वेळा अक्कासारखीचे असतात. "धोका आहे तर रानात जाऊ नकोस" असं तिला सांगणं सोपं आहे. ती गेली नाही तर तिची चूल कशी पेटणार? आपल्या नैवेद्यात तिचे कष्ट आहेत, तर तिच्या जिवाची काळजीही आपल्या सेवेत यायला हवी. म्हणून आम्ही उचगावच्या भगिनींनी गेल्या हंगामापासून काही गोष्टी सुरू केल्या. मोठं काही नाही. तुमच्या गावातून कुणी रानात, बागेत कामाला जात असेल तर तुम्हीही करू शकता.

१. कामाला जाणाऱ्या प्रत्येकीला पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पायजमा आणि लांब मोजे देतो. पायजमा मोज्यात खोचायचा. गोचिडी पळवणारं डेपा तेल साथीच्या भागात आरोग्य केंद्रातून मिळतं, ते उघड्या हातापायांना लावायचं.

२. पाचोळ्यावर बसायचं नाही, झोपायचं नाही. संध्याकाळी आल्यावर कपडे कढत पाण्यात टाकायचे, साबणानं गरम पाण्याची आंघोळ करायची, आणि काखा, मांड्या, कानामागे, केसांत एकमेकींचं अंग बघायचं. लहान पोरांचं तर नक्कीच.

३. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची. नखानं चिरडायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. मग जागा साबणानं धुवायची.

४. रानातून आणलेला पातेरा गोठ्यात पसरायचा नाही. गुरांच्या अंगावरच्या गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्यांना विचारून करायचा.

५. रानातून आल्यावर ताप आला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांनी विचारो न विचारो, पहिलं वाक्य हे बोलायचं: "आम्ही रानात कामाला गेलो होतो, तिथं माकड मेलं होतं का ते असं असं आहे." पहिल्या दिवसांतच रक्ताची तपासणी झाली तर निदान लवकर होतं. दुकानातून अंगदुखीची जोरकस गोळी आणून खायची नाही, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

या तापावर नेमकं औषध अजून नाही. सलाईन, ताप उतरवणं, रक्तातल्या प्लेटलेट्सवर लक्ष, रक्तस्राव झाला तर त्यावर उपचार, हेच करावं लागतं. शंभरात तीन ते पाच माणसं दगावतात, म्हणजे बाकीची वाचतात. वेळेवर गेलं तर वाचण्याची आशा जास्त. काहींना पहिला ताप उतरून बरं वाटतं आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ताप येतो, गुंगी येते, हात थरथरतात, बोलणं भरकटतं. म्हणून "बरी झाली" म्हणून लक्ष काढू नये. अशक्तपणा कितीतरी आठवडे राहतो. कर्नाटकात १९९० पासून एक लस देत होते, पण तिचा परिणाम पुरेसा होत नसल्यानं ती थांबवली. नवी लस तयार करण्याचं काम चालू आहे. ती येईल तेव्हा येईल. तोवर आपली काळजी आणि एकमेकांची सोबत, हेच आपल्या हातात आहे.

आणि त्या सोबतीसाठी आम्ही सहावी गोष्ट ठरवली, ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या गल्लीत कुणाला हा ताप आला, तर पहिल्या दिवशी पहिला डबा आपल्या बैठकीतून जाईल. आणि तो दारात ठेवून परत यायचं नाही, आत जाऊन बसायचं. गल्लीनं बघावं असं जायचं. कारण लोकांची भीती भाषणानं जात नाही. आपण त्या घरात बसून पाणी पितोय हे बघितलं की जाते.

मन चांगलं असलं म्हणजे सेवा झाली का, या प्रश्नाचं उत्तर आता आमच्यापुरतं आम्हाला मिळालं आहे. चांगलं मन ही सेवेची सुरुवात आहे. पण समोरच्याला काय हवंय हे न बघता केलेली सेवा पुष्कळदा आपल्यालाच बरं वाटावं म्हणून असते. आमचा हार आमच्यासाठी होता. पाण्याचा तांब्या तिच्यासाठी असता.

यंदाही अक्का काजूला गेली. मोजे घालून, तेल लावून. जाताना आम्ही तिला डबा द्यायला गेलो, तर म्हणाली, "काळजी करू नकासा, माकड मेल्यालं दिसलं तर पयला फोन तुमालाच करते. हार घेऊन येऊ नकासा तेवढं!" आम्ही सगळ्या हसलो. तिनं आम्हाला माफ केलं असेल असं वाटतं. विचारायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.

ही माहिती आपापल्या घरच्या गटांत जरूर पाठवा. विशेषतः चंदगड, खानापूर, दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्याच्या बाजूला ज्यांची माणसं आहेत, त्यांनी आपल्या घरी वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही अशा कामावरच्या बायकांना तर आवर्जून सांगा.

चुकलं-माकलं असेल तर सद्गुरू चरणी आणि तुम्हा सर्वांच्या चरणी क्षमा असावी.

॥ जय सद्गुरू ॥

आपल्या,
उचगावच्या सेवेकरी भगिनी